तात्पुरत्याचा मुक्काम

आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटवर एक पाटी आहे. 'हे गेट तात्पुरते बंद आहे. आदेशावरून.' एप्रिल २०२० मध्ये ती पहिल्यांदा लागली तेव्हा पुठ्ठ्याची होती आणि तिच्यावर 'कोरोनामुळे' असा एक शब्द जास्त होता. पावसाळ्यात पुठ्ठ्याचा लगदा झाला, मग ती पत्र्याची केली. मागच्या दिवाळीत तिला नवा रंग दिला, त्यात 'कोरोनामुळे' गळलं. बाकी मजकूर तसाच. गेट तात्पुरतंच बंद आहे आणि आदेशही आहे. तो कोणाचा, हे विचारणं आम्ही केव्हाच सोडून दिलंय. मागच्या गल्लीतल्या भाजीवालीकडे जायला आता मोठा वळसा पडतो, आणि तो वळसा म्हणजे आरोग्याला चांगला व्यायाम असं सांगणारेही आमच्यात आहेत.

साथीने काय नेलं याबद्दल आपण पुष्कळ बोललो, आणि ते बोलायलाच हवं होतं. साथीबरोबर जे आलं आणि तिच्याबरोबर गेलंच नाही, त्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. त्या दोन वर्षांत घातलेली बंधनं सरसकट चुकीची होती असं माझं म्हणणं नाही. बरीचशी गरजेची होती आणि काही तर उशिरा आली. माझी तक्रार पुढची आहे. लोकांना न विचारता कारभार चालवता येतो, हे त्या काळात राज्यकर्त्यांना कळलं. न विचारलेलं चालतं, हे आपल्यालाही कळलं. साथ गेली तरी ही सवय सोयीची म्हणून ठेवून घेतली गेली. पुण्यात तर याचा हिशोब तारीखवार मांडता येतो.

राज्यातले पहिले दोन रुग्ण पुण्यातच सापडले, ९ मार्च २०२० रोजी, दुबईची सहल करून आलेलं एक जोडपं. पाठोपाठ सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. आता पुण्यात साथीवर लिहायचं आणि रँडचं नाव काढायचं नाही, हे काही जमण्यातलं नाही. हा कायदा प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला, अवघ्या चार कलमांचा. त्याच वर्षी रँडच्या प्लेग समितीचे गोरे सोल्जर पुण्यात घराघरांत शिरले, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली. त्याच साथीत, त्याआधी १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याहून एका प्लेग झालेल्या मुलाला स्वतः उचलून त्यांनी आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं होतं. यातली पहिली गोष्ट शहराला तोंडपाठ आहे, दुसरी अलीकडे कुठे ऐकू यायला लागली आहे. पण मला तिसरंच काही म्हणायचंय. १२३ वर्षांनी तोच कायदा पुन्हा लागला आणि या वेळी शहराने हूं की चूं केलं नाही. का करावं? सरकार आपलं होतं. आणि सरकार आपलं म्हणजे आपण निवडून दिलेलं. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

त्या काळात पुण्याचा कारभार शुक्रवारी चालायचा. म्हणजे आठवडाभर यंत्रणा राबत होतीच, पण शहराचं लक्ष शुक्रवारकडे. तेव्हाचे पालकमंत्री अजित पवार कौन्सिल हॉलमध्ये आढावा बैठक घ्यायचे आणि दुपारी बाहेर येऊन पुढच्या आठवड्यात काय उघडं, काय बंद ते सांगायचे. दुकानं चारपर्यंत की सातपर्यंत, हॉटेलात बसायचं की पार्सल न्यायचं, उद्यानं सकाळी की मुळीच नाही. घरोघरी एकच प्रश्न, 'दादा काय म्हणाले?' जुलै २०२० मध्ये त्यांनी एका शुक्रवारी दहा दिवसांचा कडक लॉकडाउन जाहीर केला. व्यापाऱ्यांनी विरोध केला, तेव्हाचे खासदार गिरीश बापट यांनीही जाहीर नाराजी दाखवली. महापालिकेत भाजप, राज्यात महाविकास आघाडी, केंद्रात पुन्हा भाजप, त्यामुळे श्रेय घ्यायला तीन दारं आणि जबाबदारी टोलवायलाही तीन. वर्षभराने, ऑगस्ट २०२१ मध्ये, मुंबईला मोकळीक मिळाली आणि पुण्याला नाही, तेव्हा लक्ष्मी रस्त्याचे व्यापारी रस्त्यावर उतरले. थोड्याच दिवसांत मोकळीक मिळाली.

ज्याची संघटना, त्याचं ऐकलं जातं, हे काही कोरोनाने शिकवलेलं नाही. पण त्या दोन वर्षांत दुसरी कोणती वाटच उरली नव्हती. महापालिकेची मुख्य सभा ऑनलाइन, त्यात कोणाचा आवाज तुटतोय, कोणाचा माइक चालू राहिलाय. लक्ष्मी रस्त्याला महासंघ होता. ताडीवाला रस्त्यावरच्या, पाटील इस्टेटमधल्या, भवानी पेठेतल्या लोकांना पत्रे होते. गल्लीच्या तोंडाशी बांबू आणि पत्रे ठोकून वस्त्या बंद केल्या होत्या. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, बाहेर एक सार्वजनिक संडास आणि त्यांना सांगणं काय, तर सुरक्षित अंतर ठेवा. रिक्षावाल्यांना आणि घरकाम करणाऱ्या बायकांना पुढे २०२१ मध्ये दीड हजार रुपये जाहीर झाले. एकदाच.

घरकामाच्या मावशींचं प्रकरण मला जास्त जवळचं आहे, कारण त्यात सरकार नव्हतं, आम्हीच होतो. सरकारी नियमांनी परवानगी दिल्यानंतरही पुण्यातल्या कित्येक सोसायट्यांनी त्यांना आत घेतलं नाही. आमचीही त्यातलीच. आमच्या अध्यक्षांना त्या काळात जी गोडी लागली ती अजून उतरलेली नाही. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फतवा. पेपर बंद. पेपर सुरू, पण खालीच ठेवायचा. मावशी चालतील, पण लिफ्ट नाही. पाचव्या मजल्यावर चार घरची भांडी घासणारी बाई जिन्याने चढायची, आणि विमानाने येऊन विषाणू आणणारे आम्ही लिफ्टने. पुढे गेटवरच्या वहीच्या जागी अ‍ॅप आलं. आता मावशी आत आल्या की माझ्या फोनवर टिंग वाजतं, गेल्या की वाजतं. त्यांनी किती मिनिटं काम केलं हे मला कळतं. मी घरात किती वाजता आलो हे त्यांना कळत नाही. ही सोय कोणत्या सभेत मंजूर झाली, असं मी एकदा विचारलं. 'तेव्हा सभा घेता येत नव्हत्या ना', असं उत्तर मिळालं. बरोबरच आहे, घेता येत नव्हत्या. आणि नंतर कोणाला घ्यायच्या नव्हत्या.

प्रवासाचंही तसंच. मे २०२० मध्ये माझी मावशी वाई तालुक्यात वारली. पुण्याहून तासा-दीड तासाचा रस्ता, खंबाटकी ओलांडली की आलंच. पण जिल्हा बदलतो, म्हणून ई-पास हवा. पहाटे अर्ज भरला. कारणांच्या यादीत 'जवळच्या नातेवाइकाचे निधन' होतं. मावशी 'जवळच्या'त बसते की नाही, यावर अर्ज अडला असावा, कारण दुपारी 'अधिक माहिती आवश्यक' असा निरोप आला. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण त्या अर्जाला ठाऊक नव्हती. पास दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आला. तोवर सगळं आटोपलं होतं. आणि वेळेत पोचलो असतो तरी गावच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या. 'पुण्याचे' म्हणजे तेव्हा शिवी होती. गावाकडचे भाऊबंद फोनवर प्रेमाने बोलायचे आणि शेवटी हळूच सांगायचे, 'इतक्यात येऊ नका. आलात तर चौदा दिवस शाळेत राहावं लागेल.' त्यांचं चुकलं असं आजही म्हणवत नाही. गावात डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा.

ई-पास सप्टेंबर २०२० मध्ये गेला, दुसऱ्या लाटेत काही काळ परत आला आणि पुन्हा गेला. तो गेला कारण तो ठेवून कोणाला फायदा नव्हता. ज्यात फायदा होता ते बघा. मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत थांबवली, साठीवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या बायकांना ५० टक्के होती ती. कारण दिलं ते असं की वयस्कांनी अनावश्यक प्रवास टाळावा. काळजी पटण्यासारखी होती. साथ गेली, वयस्क घराबाहेर पडले, प्रवासी कंपन्यांनी त्यांना काशी-अयोध्येला नेलं, सवलत काही परत आली नाही. पॅसेंजर गाड्या 'स्पेशल' आणि मग 'एक्स्प्रेस' म्हणून सुरू झाल्या आणि दहा रुपयांचं किमान तिकीट तीस रुपये झालं. ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला, लोकसभा निवडणूक तोंडावर आली होती तेव्हा. पुणे-मुंबई रोज ये-जा करणाऱ्यांची प्रगती एक्स्प्रेस जुलै २०२२ मध्ये परतली, तीही काचेच्या छताचा डबा लावून. घाट बघायला सुंदर आहे, पण दादरला नोकरीवर जाणारा माणूस त्या वेळेला झोपलेला असतो.

लसीचा प्रकारही इथलाच. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे मांजरीहून कोविशिल्डचे ट्रक निघाले, नारळ फुटले, साऱ्या देशाने पाहिलं. मे महिन्यात अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली तेव्हा त्याच पुण्यातली मुलं कोविन अ‍ॅपवर बोट ठेवून बसली होती. शहरात जागा मिळेना, म्हणून ती गाडी काढून तालुक्याच्या गावी जायची. ज्या गावाच्या आरोग्य केंद्रात लस यायची त्या गावातली माणसं ओट्यावर बसून पुण्याच्या गाड्या मोजायची. अ‍ॅपला गाव आणि शहर यांत फरक कळत नव्हता, त्याला फक्त इंटरनेटचा वेग कळत होता. ११ दिवसांत राज्यात त्या वयोगटाचं लसीकरणच थांबवावं लागलं, पुरवठाच नव्हता.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. जे लोकांच्या हातात होतं, ते सगळं परत आलं, आणि दणक्यात आलं. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, मोजक्या माणसांसह. ती बस आमच्या टीव्हीवर दिसली तेव्हा माझ्या आईने बसल्या जागी हात जोडले आणि म्हणाली, 'देव पण पास काढून गेला.' २०२२ मध्ये वारी पायी निघाली, कोणाला 'पुन्हा सुरू करा' असा शासन निर्णय काढावा लागला नाही. त्याच वर्षी विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत लांबली आणि ढोल-ताशाच्या आवाजावरून भांडणंही पूर्ववत सुरू झाली. मिसळीच्या रांगा परत आल्या, लग्नातले हजारभर पाहुणे परत आले, हिंजवडीचा वाहतूक खोळंबा तर व्याजासकट परत आला. लोकांना जे आपलं वाटत होतं, ते त्यांनी ओढून परत आणलं. जे फाइलीत गेलं ते फाइलीत राहिलं. आणि फाइलीत गेलेल्या गोष्टींमध्ये सगळ्यांत मोठी गोष्ट होती खुद्द महापालिका.

थोडं मागे जाऊ. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा ते कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत निवडून येणं भाग होतं, आणि त्या सहा महिन्यांत देश बंद झाला. विधान परिषदेची निवडणूक पुढे ढकलली गेली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यांना नामनियुक्त करावं, अशी शिफारस मंत्रिमंडळाने केली, राज्यपालांनी निर्णय घेतला नाही, राज्यात काही आठवडे याचंच नाट्य चाललं. शेवटी निवडणूक आयोगाने २१ मेची तारीख दिली आणि १४ मे रोजी ते बिनविरोध निवडून आले. त्या दिवशी अजून लॉकडाउन चालू होता, मजूर नाशिकच्या महामार्गावरून चालत होते. यातून एक कळलं. खुर्चीला गरज असेल तर भर साथीतही निवडणूक होते.

ती पुढेही होत राहिली. १ डिसेंबर २०२० ला पुणे पदवीधर मतदारसंघात मतदान झालं, लस अजून यायची होती. १५ जानेवारी २०२१ ला राज्यात १४ हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक झाली. गावोगावी रांगा लागल्या, मास्क हनुवटीवर होते, पण मतदान झालं. त्याआधी मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक नेमायचे होते, तर पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने गावातलीच 'योग्य व्यक्ती' नेमण्याचा घाट सरकारने घातला होता. उच्च न्यायालयाने कान पिळला तेव्हा सरकारी कर्मचारी नेमले गेले. १७ एप्रिल २०२१ ला, दुसरी लाट ऐन भरात असताना, पंढरपूरची पोटनिवडणूक झाली. सगळ्या पक्षांनी सभा घेतल्या. त्याच आठवड्यात पुणे जिल्ह्यात एक लाखाहून जास्त रुग्ण उपचार घेत होते, आणि मी आमच्या शेजारच्या काकांसाठी ऑक्सिजनचा बेड शोधत होतो.

त्या बेडची गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या मुद्द्याच्या थोडी विरुद्ध जाते आणि थोडी बाजूने. रिकामे बेड दाखवणाऱ्या सरकारी डॅशबोर्डवर व्हेंटिलेटरच्या रकान्यात शून्य. हेल्पलाइनवर मुलगी गोड बोलायची, नाव लिहून घ्यायची. अकरा ठिकाणी फोन केले. रात्री एक वाजता आमच्या भागातल्या नगरसेवकाच्या पोराने, म्हणजे त्याच्या हाताखाली फ्लेक्स बांधणाऱ्या कार्यकर्त्याने, बेड मिळवून दिला. कसा, ते मी विचारलं नाही. वशिला होता, हे उघड आहे. माझ्या काकांना मिळालेला बेड कोणाला तरी मिळाला नसेल. ती बोच आजही आहे. पण एवढं खरं, की रात्री एक वाजता उचलला गेलेला एकमेव फोन त्याचा होता. डॅशबोर्डला पुढच्या निवडणुकीत मतं मागायची नव्हती.

आता दोन तारखा. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ च्या मध्याला संपली आणि प्रशासक आला. साधारण पंधरा दिवसांनी, गुढीपाडव्याच्या तोंडावर, राज्य सरकारने कोरोनाचे सगळे निर्बंध उठवले, मास्कसुद्धा ऐच्छिक केला. म्हणजे ज्या महिन्यात साथीचं कारण संपलं, त्याच महिन्यात नगरसेवक गेले. ते परत आले जानेवारी २०२६ मध्ये. पावणेचार वर्षांहून जास्त काळ या शहराला सभागृह नव्हतं. नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरची दशा आणखी वाईट. तिथल्या निवडणुका २०२० च्या उन्हाळ्यात खरोखरच साथीमुळे पुढे गेल्या होत्या, काही महिन्यांसाठी म्हणून, आणि त्या काही महिन्यांची जवळपास सहा वर्षं झाली.

कारणं होती, नाही असं नाही. ओबीसी आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२१ चा निकाल होता, मग आयोग, मग माहिती गोळा करणं. एका प्रभागात नगरसेवक किती, हा खेळ होता. आघाडीने तीनचा केला, सरकार बदललं, युतीने चारचा केला. २०२१ ची जनगणना साथीमुळे लांबली ती लांबलीच, त्यामुळे २०२६ चे प्रभाग २०११ च्या डोक्यांवर आखले गेले. प्रकरण न्यायालयात तारखांवर तारखा घेत पडून राहिलं. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि तरीही आठ महिने गेलेच. यातलं एकेक कारण सुटं पाहिलं तर खरं आहे. सगळी मिळून पाहिली की वेगळं दिसतं. दोन्ही बाजूंच्या सरकारांना घाई नव्हती, कारण प्रशासक मंत्रालयाचं ऐकतो, आणि आमदारांना आपल्या मतदारसंघात दुसरा 'भाऊ' नको असतो. आणि आपल्यालाही घाई नव्हती. एमपीएससीच्या मुलांची आठवण करून देतो. ११ मार्च २०२१ ला, परीक्षेला तीन दिवस राहिले असताना, ती पुढे ढकलल्याची सूचना आली. सदाशिव पेठेतल्या खोल्यांमध्ये मेसचा डबा वाटून खाणारी ही मुलं तासाभरात शास्त्री रस्त्यावर बसली, रात्रीपर्यंत उठली नाहीत, आणि परीक्षा २१ तारखेला झाली. आपल्या शहराची आख्खी निवडणूक पावणेचार वर्षं लांबली, त्यासाठी मी एकदाही रस्त्यावर बसलो नाही. वाचणाऱ्यांपैकी किती बसले?

'नगरसेवक नव्हते म्हणून काय अडलं?' हा प्रश्न मला मित्रांनी विचारला आहे, आणि विचारणारे मूर्ख नाहीत. पुण्याच्या मध्यमवर्गाला कडक अधिकारी आवडतो. आयएएस माणूस बरा, शिकलेला असतो, टक्केवारी मागत नाही, निर्णय पटकन घेतो. स्थायी समितीचे जुने किस्से ज्याने ऐकलेत त्याला हे पटणारच. मलाही अर्धं पटतं. साथीत पुण्याच्या अधिकाऱ्यांनी, परिचारिकांनी, सफाई कामगारांनी जे काम केलं त्याला तोड नाही. पण प्रशासकाच्या कारभारात अंदाजपत्रक मांडणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. २०२५-२६ चं अंदाजपत्रक बारा हजार कोटींच्या वर होतं. बारा हजार कोटींवर सभागृहात कोणी एक प्रश्न विचारला नाही, कारण सभागृहच नव्हतं. नदीकाठ प्रकल्पासाठी झाडं तोडायची की नाही, यावर भांडायला नागरिकांना न्यायालयात जावं लागलं. नगरसेवक भ्रष्ट असतात, हे मान्य. पण भ्रष्ट माणसाला पाच वर्षांनी घरी बसवायची सोय होती. फाइलीला कोण घरी बसवणार?

सगळ्यांत जास्त ज्यांचं गेलं, ते माझ्या त्या मित्रांच्या गप्पांत येतच नाहीत. ३० जून २०२१ रोजी, साथ चालूच असताना, २३ गावं पुणे महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नऱ्हे, मांजरी, वाघोली, सूस, म्हाळुंगे अशी. क्षेत्रफळाने पुणे राज्यातली सगळ्यांत मोठी महापालिका झाली, त्याच्या बातम्या आल्या. गावांच्या ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, सरपंच गेले, आणि महापालिकेत त्यांचा म्हणून कोणी आला नाही, कारण निवडणूकच झाली नाही. साडेचार वर्षं या लाखो माणसांनी मिळकतकर भरला आणि त्यांना ना ग्रामसभा होती ना प्रभाग. वरच्या हिशोबात मी पावणेचार वर्षं म्हणालो. या गावांसाठी ती साडेचार आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात, नांदेड-किरकटवाडीच्या बाजूला, जीबीएसची, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली. माणसांचे हातपाय लुळे पडत होते, काही व्हेंटिलेटरवर गेली, पुणे परिसरात दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले. बोट दाखवलं गेलं ते पाण्याकडे. तिथे विहिरीचं पाणी शुद्धीकरण प्रकल्पाविना, नुसतं क्लोरीन टाकून नळाला येत होतं. नगरसेवक असता तर ही साथ टळली असती, असं म्हणणं बालिशपणाचं होईल. जिथे नगरसेवक होते तिथेही गढूळ पाणी आलंच आहे. पण गढूळ पाणी आल्यावर हंडा घेऊन कोणाच्या दारात जायचं, हे त्या भागातल्या बायकांना चार वर्षं माहीत नव्हतं.

माझी थोरली बहीण त्या २३ पैकीच एका गावात राहते. लग्न होऊन गेली तेव्हा तिथे भाताची खाचरं होती, आता बारा मजली इमारती आहेत. तिच्याकडे पाण्याच्या तक्रारींचे नंबर लिहिलेली एक वही आहे, टोकन क्रमांक, तारीख, कोण बोललं. अ‍ॅपवर तक्रार केली की दोन दिवसांनी 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा संदेश येतो, आणि नळाला येतं ते तसंच. सरपंच होता तेव्हा ताई त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईशी भांडून यायची. आई भांडण ऐकून घ्यायची, चहा द्यायची, आणि संध्याकाळी मुलाला फैलावर घ्यायची. ही व्यवस्था काही आदर्श नव्हती, पण तिच्यात दार वाजवता यायचं.

१५ जानेवारी २०२६ ला ताईने महापालिकेसाठी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. चार मतं, खरं तर, चारचा प्रभाग. मशीनवरच्या नावांपैकी दोघांना ती ओळखत होती, दोघं कुठल्या गावचे तेही तिला माहीत नव्हतं. प्रचारात आलेल्या एकाला तिने वही दाखवली होती. त्याने वहीचा फोटो काढला आणि तिच्याबरोबर सेल्फी काढला. मी तिला म्हटलं, 'ताई, यातनं काय होणार आहे?' ती म्हणाली, 'तुझं ठीक आहे रे, तुमच्याकडे टाकीचं पाणी येतं.'

निकालानंतर काही दिवसांनी तिचा फोन आला. नळाला पुन्हा पिवळं पाणी आलं होतं. तिने निवडून आलेल्या चौघांपैकी एकाचा नंबर मिळवला आणि सकाळी सातला लावला. त्यानेच उचलला. तिने सगळं सांगितलं, टोकन क्रमांकांसकट.

'मग? काय म्हणाला?' मी विचारलं.

'बघतो म्हणाला,' ताई म्हणाली. तिचा आवाज मला कित्येक दिवसांत इतका खूश वाटला नव्हता.